हात कुठून आला?

श्रावणातल्या एका मंगळवारी दुपारी टिपणीस मास्तरांची मुलगी कुसुम वारली. त्या दिवसापर्यंत मास्तर वर्गात एक प्रश्न विचारत. त्यानंतर दुसरा विचारू लागले.

मी त्यांचा शेजारी. भोरच्या शाळेत ते रसायन आणि पदार्थविज्ञान शिकवत, मी संस्कृत. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती, आणि ती इतकी पातळ की त्यांच्याकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका आम्हाला लागायचा. त्यामुळे त्या दोन प्रश्नांच्या मध्ये काय घडलं ते मला माहीत आहे. मास्तर जाऊन आता वर्ष होत आलं. हे ठाऊक असणारी माणसं एकेक करून कमी होत आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

पहिला प्रश्न होता, "देती की घेती?"

दोन पदार्थ एकत्र आले आणि त्यांचं काही वेगळं होऊ लागलं, की त्या घडण्यात उष्णता एक तर बाहेर पडते, नाही तर आत ओढली जाते. इंग्रजी पुस्तकात त्यासाठी दोन लांबलचक शब्द होते. ते मुलांच्या जिभेवर बसेनात, तेव्हा मास्तरांनी आपले दोन काढले. उष्णता देणारी क्रिया ती देती, उष्णता घेणारी ती घेती. मी एकदा कुरकुरलो, "अहो, ही रूपं व्याकरणात बसत नाहीत."

"शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "पोरांच्या डोक्यात बसली की झालं. व्याकरणाचं तुम्ही बघून घ्या."

मी शास्त्री नव्हतो. पण त्यांनी म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळी शाळाच मला शास्त्रीबुवा म्हणू लागली.

मास्तर उंच, किंचित वाकलेले. बोटं लांब, नखांवर तेजाबाचे पिवळे डाग. त्यांना वस्तूला हात लावल्याशिवाय राहवत नसे, आणि तोही तळवा नाही, बोटांची पाठ. बाजारात कढई घेताना, नदीवर पायरीवर बसताना, कुणाच्या लग्नात मांडवाच्या खांबाला, कुठेही बोटांची पाठ टेकवायचे आणि क्षणभर ऐकत असल्यासारखे थांबायचे. संध्याकाळी फिरून येताना देवळाच्या दगडी भिंतीला हात लावून म्हणायचे, "दुपारचं अजून देतेय बघा." त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणत असू, त्या वैतागायच्या. "पाहुण्यांचं मूल मांडीवर घेतलं की आधी त्याच्या गालाला हात. त्या बायांना वाटतं, ताप बघतात. घाबरतात हो."

वर्गातले त्यांचे प्रयोग साधे असत. चुनकळीचा खडा पाण्यात टाकला की पाणी खदखदायला लागायचं, भांडं हातात धरवत नसे. "देती!" वर्ग ओरडायचा. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात नवसागर. नवसागर म्हणजे कल्हईवाला भांड्याला कल्हई करताना टाकतो ती पांढरी पूड. ती विरघळू लागली की नळी इतकी गार पडायची की बाहेरून तिला दव धरायचं. मुलं नळी गालाला लावून शहारायची. "घेती!"

"कोणाचं घेती?" मास्तर विचारायचे.

मुलं हातातल्या नळीकडे बघायची.

"आधी पाण्याची ऊब घेते. मग काचेची. मग तुझ्या गालाची. गार असं काही नसतं रे. कोणी तरी कोणाची ऊब नेत असतं, त्याला आपण गार म्हणतो."

नवसागर ते इमामभाई कल्हईवाल्याकडून आणत. इमामभाई भात्याजवळ बसल्या बसल्या हसायचा. "मास्तर, शाळेत पोरांकडून भांडी करून घेता काय?"

"तुझा नवसागर तू आगीत टाकतोस, मी पाण्यात टाकतो. धंदा एकच."

"माझ्या धंद्यात भांडं चमकतं. तुमच्या धंद्यात काय चमकतं?"

"कधी कधी एखादं पोर," मास्तर म्हणायचे.

त्यांच्या वर्षाचा पहिला तास ठरलेला असे. टेबलावर तीन पितळी गंज, म्हणजे उभट पातेली. एकात ऊन पाणी, एकात रांजणातलं गार, मधल्यात कोमट. एका मुलानं एक हात ऊन पाण्यात बुडवायचा, दुसरा गार पाण्यात. थोडा वेळ तसंच उभं राहायचं. मग दोन्ही हात एकदम मधल्या गंजात. एक हात सांगे पाणी गार आहे, दुसरा सांगे तेच पाणी ऊन आहे. मुलाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मास्तर म्हणायचे, "हात खोटं बोलत नाही. पण तो आधी कुठे होता ते विसरत नाही. म्हणून आधी हात लावा, आणि मग काच लावा." काच म्हणजे उष्णतामापक. शाळेत तो एकच होता, आणि मास्तर तो लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवत.

कुसुम तेव्हा दहा वर्षांची असेल. तिची शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी ती वडिलांच्या प्रयोगाच्या खोलीत खिडकीत बसलेली असायची. तिलाही बोटांची पाठ टेकवायची सवय लागली होती. अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यापासून आमच्या मांजरापर्यंत सगळ्यांना हात लावून ती निकाल द्यायची. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं.

"बाबा, मांजर देती आहे."

"आहे."

"आणि आई?"

"माणसांना हा नियम लावायचा नाही."

"का?"

"कारण माणसं मोजता येत नाहीत."

"मग मी लावणार," कुसुम म्हणायची. "आई देती. तुम्ही घेती. तुम्ही सारखा चहा मागता."

माई आतून हसायच्या. त्यांचं हसू मोठं होतं. भिंत असूनही ते आमच्या घरात सांडायचं.

त्या वर्षी आषाढाच्या शेवटी कुसुमला ताप आला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, विषमज्वर आहे, मुदतीचा ताप आहे, औषधापेक्षा जपणूक महत्त्वाची. ताप डोक्यात चढू देऊ नका, बर्फ मिळाला तर बघा. भोरात बर्फ कुठला? तो पुण्याहून भुशात बांधून मोटारीनं यायचा आणि येईतो निम्मा व्हायचा. तोही एकदाच आला. नंतर पाऊस असा लागला की नसरापूरच्या अलीकडे रस्त्यावर पाणी आलं आणि मोटारच बंद झाली.

मास्तर ओसरीवर थोडा वेळ उभे राहिले आणि छत्री न घेता बाजारात गेले. परत आले ते इमामभाईला बरोबर घेऊन. इमामभाईच्या खांद्यावर त्याच्याकडचा होता नव्हता तेवढा नवसागर. जत्रेसाठी शोभेची दारू करणाऱ्याकडून सोरा आणला होता. नवसागर आणि सोरा एकत्र करून पाण्यात टाकले तर दोन्ही मिळून पाण्याची इतकी ऊब ओढून घेतात की बर्फाची उणीव बरीच भरून निघते. एनामलच्या घमेल्यात ते मिश्रण, त्यात काचेच्या बरणीत साधं पाणी, आणि त्या पाण्यात भिजवलेल्या घड्या कुसुमच्या कपाळावर. शाळेतला उष्णतामापक घमेल्यात उभा. पहिली घडी ठेवली तेव्हा कुसुमनं डोळे उघडले आणि पुटपुटली, "घेती."

पण एकदा विरघळलेला क्षार पुन्हा विरघळत नाही. त्याचं पाणी आटवून तो कोरडा करावा लागतो, निवू द्यावा लागतो, मग पुन्हा वापरता येतो. उन्हाळा असता तर पत्र्यावर वाळला असता. त्या झडीत ऊन कुठलं! तेव्हा आळी पुढे झाली. ज्याच्या त्याच्या चुलीवर मास्तरांचं मडकं चढलं. पितळेचं भांडं चालणार नाही, क्षार ते खातो, म्हणून सगळ्यांनी मातीची मडकी काढली. मास्तर घरोघर जाऊन सांगत, "शेवटी जाळ कमी करा, नाही तर नवसागर धूर होऊन उडून जाईल." बायका भाकरी झाली की मडकं ठेवायच्या, ओल्या लाकडांवर फुंकून फुंकून डोळे लाल करायच्या. एका पोरीला गारवा मिळावा म्हणून सगळ्या आळीच्या चुली दिवसभर जळत होत्या. मास्तरांनी एकदा आमच्या दारात उभं राहून त्या धुराकडे पाहिलं. "फुकट काही मिळत नाही, शास्त्रीबुवा," ते म्हणाले. "जेवढं घेतलं तेवढं कुठे तरी द्यावंच लागतं."

असे बरेच दिवस गेले. मास्तर घमेल्याजवळून हलत नसत. मिश्रण ढवळायचं, घडी बुडवायची, पिळायची, ठेवायची. त्यांची बोटं पांढरी, सुरकुतलेली झाली होती. माई चुलीपाशी, कारण त्यांच्याही चुलीवर मडकं होतं.

त्या मंगळवारी सकाळी मी आमच्याकडचा कोरडा झालेला क्षार घेऊन त्यांच्याकडे गेलो. कुसुम शांत पडली होती. आदल्या दिवशीची तळमळ नव्हती. माई चुलीपासून उठून आल्या, वाकल्या, मुलीच्या गालाला हात लावला.

"अहो, गार लागतेय."

मास्तरांनी घडी बाजूला करून बोटांची पाठ कपाळाला टेकवली. नेहमीसारखे क्षणभर थांबले.

"नाही. तापलेलीच आहे."

"मला गार लागली हो. पायसुद्धा."

"अगं, तुझा हात चुलीवरून आलाय," मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले. वर्गात बोलत तसं. "तुला सगळं गारच लागणार."

माईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग त्या परत चुलीकडे गेल्या. मास्तरांनी घडी बरणीत बुडवली, पिळली आणि कुसुमच्या कपाळावर ठेवली.

ते म्हणाले ते शास्त्रानं खरं होतं. फक्त त्यांचा हात त्या गार पाण्यातून आला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. दरवर्षी पहिल्या तासाला जे ते मुलांना दाखवत, तेच त्यांच्या घरात मांडलं गेलं होतं. एक हात चुलीवरचा, एक गार पाण्यातला, आणि मध्ये पोर. काच होती, पण ती घमेल्यात होती.

दुपारी डॉक्टर गुडघाभर चिखलातून आले. त्यांनी आपला तापमापक मुलीच्या काखेत ठेवला, काढला, आणि घड्या ओढून टाकल्या. "ताप सकाळीच उतरलाय. नाडी लागत नाही. विटा तापवा, पायाशी ऊब द्या." ज्या चुलींवर मडकी होती त्याच चुलींवर विटा पडल्या. आळीतली माणसं फडक्यात विटा गुंडाळून धावत होती. मास्तरांनी मुलीचे दोन्ही पाय आपल्या पोटाशी धरले होते.

नंतर ओसरीवर डॉक्टर म्हणाले, "आतड्यातून रक्त गेलं. या दुखण्यात असं होतं. पट्ट्यांनी काही झालेलं नाही, मास्तर."

मास्तरांनी विचारलं, "सकाळपासून ऊब दिली असती तर?"

डॉक्टर सरळ गृहस्थ होते. "सांगता येत नाही," म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. ज्या प्रयोगाचं उत्तर निघत नाही त्यावर ते वर्गात अशीच मान हलवत. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सकाळपासून मी तिची ऊब नेत होतो." माणसांना न लावायचा नियम त्यांनी तेव्हा लावला, आणि तो स्वतःला लावला.

माईंनी त्यांना कधी शब्दानं दोष दिला नाही. माझ्या पत्नीपाशी त्या एकदाच बोलल्या. "मी पुन्हा एकदा हात लावून बघायला हवं होतं. पण म्हटलं, हे म्हणतात तर तसंच असेल." भिंतीपलीकडचं हसू नंतर ऐकू आलं नाही. चुलीवर फोडणी पडायची, ठसका लागायचा, तेवढंच.

मास्तर महिनाभरानं वर्गावर आले. मुलांनी नळीत पाणी घेतलं, नवसागर टाकला, आणि एकानं सवयीनं नळी गालाला लावून म्हटलं, "घेती." मास्तर त्याच्याजवळ गेले.

"हात कुठून आला?"

मुलाला कळेना.

"नळी धरण्याआधी हात कुठे होता? पाण्यात? खिशात? दिव्याजवळ?" मग त्यांनी मागच्या बाकावरच्या, ज्यानं कशालाच हात लावला नव्हता अशा मुलाला उठवलं. "तू ये. तू लाव. आणि याला काही सांगू नकोस. दोघांचं वेगळं आलं तर दोघंही थांबा. कोण चूक ते लगेच ठरवायचं नाही."

त्या दिवसापासून हा नियम झाला. एका हातावर निकाल नाही. कोणी तरी बाहेरचा बोलवायचा, आणि प्रत्येकाला विचारायचं, हात कुठून आला. "देती की घेती" हा प्रश्न मुलंच एकमेकांना विचारत राहिली. मास्तरांच्या तोंडून तो मी परत ऐकला नाही. तीन गंजांचा तासही त्यांनी सोडला नाही. दरवर्षी करत. फक्त मधल्या गंजात हात घातलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे तेव्हा ते बघत नसत.

काही वर्षांनी त्यांनी भोरच्या शाळेतली नोकरी सोडली आणि वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी, प्राथमिक शाळेत गेले. तिथे ना प्रयोगाची खोली, ना नवसागर. लोक म्हणाले, मास्तरांनी स्वतःला शिक्षा करून घेतली. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, त्यांना त्या पातळ भिंतीपासून आणि आळीतल्या चुलींपासून लांब जायचं होतं. शिवाय माईंचं माहेर तिकडचं.

मी वर्षातून एकदा जात असे. एका खेपेस मी ओसरीवर बसलो असताना पासलीचा धोंडिबा म्हणून शेतकरी धापा टाकत आला. भाताच्या पेंढ्याची गंजी रचलेली, तिच्यावर अवकाळी पाऊस पडलेला.

"मास्तर, गंजी तापलीया. हात घातला तर पोळतोय. म्हातारी म्हंती, कुनी तरी करणी केली."

मास्तर काठी घेऊन लगेच निघाले. मीही गेलो. गंजीच्या पोटातून वाफ येत होती. माणसं लांब उभी होती. मास्तर धोंडिबाला म्हणाले, "घाल हात."

धोंडिबानं खांद्यापर्यंत हात घातला. "लई गरम हाय!"

"हात कुठून आला?"

धोंडिबानं हात बाहेर काढून बघितला. "खांद्यातनं, मास्तर. आनि कुठनं येनार?"

सगळे हसले. मास्तरही हसले. कुसुम गेल्यावर त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं. मग त्यांनी तीन जणांना हात घालायला लावला, प्रत्येकाला आधी हात पुसायला सांगून, आणि तिघांचं एक आल्यावर म्हणाले, "करणी नाही. ओला पेंढा आतल्या आत कुजतोय आणि ऊब देतोय. वाट नाही मिळाली तर पेटेल. मोडा गंजी, पसरा."

"मोडली न्हाई तर?" म्हातारी लांबून ओरडली.

"तर आजी, दोन दिवसांनी तुम्ही म्हणाल ते खरं होईल."

गंजी मोडली. आतला पेंढा काळा पडला होता. परतीच्या वाटेवर आम्ही दोघंच होतो. ओढा ओलांडताना म्हणाले, "देणारं लवकर कळतं, शास्त्रीबुवा. वाफ येते, चटका बसतो, लोक धावत येतात. घेणारं कळत नाही. ते गप्प असतं."

महायुद्धाच्या दिवसांत मोटारी कमी झाल्या आणि माझं जाणं राहिलं. गेल्या माघात निरोप आला की मास्तर अंथरुणाला खिळले आहेत. मी नसरापूरपर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलगाडीनं गेलो. गार वारा सुटला होता. मास्तर ओसरीवर पडले होते, कांबळं गळ्यापर्यंत. मला बघून त्यांनी डोळ्यांनीच बसा म्हटलं. मी नकळत त्यांच्या कपाळाकडे हात नेला.

"हात कुठून आला?"

"वाऱ्यातून," मी म्हणालो.

"मग खिशात घाला. थोडं थांबा."

मी शहाण्या विद्यार्थ्यासारखा हात खिशात घालून बसलो. तेवढ्यात माई आतून आल्या. भाकरी भाजत होत्या, बोटांना पीठ होतं, हात तापून लाल झालेला. त्यांनी वाकून बोटांची पाठ मास्तरांच्या कपाळाला टेकवली. तीच पद्धत, मास्तरांची, कुसुमची आणि आता त्यांचीही.

"उतरलाय," त्या म्हणाल्या. "गार लागतंय."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते विचारतील असं वाटलं. देवळातला गुरव आला तर त्याला विचारत, शाळेतल्या पोरांना विचारत, मला आत्ताच विचारलं होतं.

"गार लागतंय ना?" मास्तर म्हणाले. "मग उतरला असेल."

माईंच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. त्या तव्यावरची भाकरी करपेल म्हणून आत गेल्या. माझा हात एव्हाना ऊबदार झाला होता. मी तो खिशातून काढून मास्तरांच्या कपाळावर ठेवला. कपाळ भाजत होतं. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान किंचित हलवली, नाही अशी. मी हात काढून घेतला.

आतून माईंनी विचारलं, "शास्त्रीबुवा, तुम्हाला कसं वाटतंय हो कपाळ?"

"गार आहे," मी म्हणालो.

त्या आठवड्यातच मास्तर गेले.

माई वेल्ह्यातच असतात. भोरच्या शाळेत रसायनाला आता दुसरे मास्तर आहेत. ते तरुण आहेत, त्यांनी टिपणीसांना पाहिलेलं नाही. प्रयोगाच्या तासाला नळी गालाला लावण्याआधी मुलं मागच्या बाकावरच्या एकाला बोलावतात आणि त्याला विचारतात, हात कुठून आला. का विचारायचं, ते त्यांना ठाऊक नाही. तीन पितळी गंज कपाटात आहेत.